सहावी चीर

थर्माकोलच्या दोनशे विटा, आणि त्यांच्यात चुकून आलेली एक खरी.

शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान हातातून पडलं, घरंगळत खिडकीशी गेलं आणि कुणाच्या तरी बुटाला टेकून थांबलं.

"पाच होत्या की सहा?"

गुडघ्याखाली घालायला काहीतरी मऊ हवं, पण फार मऊ नको.

एकोणीस टाके. एकही उसवला नाही.

मित्रांनो, ही सगळी माझ्याच आयुष्याच्या चिंध्यांची गाठोडी आहेत. ती कुठल्या क्रमाने सोडायची, हे मला नीट कळत नाही. माझा जन्मच अशा ठिकाणी गेला, जिथे शेवट सकाळी उरकतात आणि सुरुवात जेवणानंतर करतात.

मी एक जुनी केप आहे. दूरदर्शनवर 'महाझेप' नावाची मालिका लागायची, तिच्यातल्या नायकाच्या पाठीवर फडफडायची ती लाल केप. खरं तर आम्ही दोघी होतो. क्रमांक एक जाड, मखमली, उभं राहून मिरवायची. मी क्रमांक दोन. माझं कापड छत्रीसारखं हलकं, कारण मला उडायचं असायचं.

आम्हा दोघींना कपडेपटातल्या टाकेमावशींनी शिवलं. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, पण हाक सगळे टाकेमावशी अशीच मारत. एकतीस वर्षं त्या त्याच खिडकीखाली, त्याच मशीनवर बसत. केप हा शब्द त्यांनी कधी मान्य केला नाही.

"दादा, पदर सावरा, जिन्यात अडकेल," असं त्या नायकाला सांगत.

नायकाला सगळे दादा म्हणत. दादा चिडत. "मावशी, केप म्हणा हो. महाझेपला पदर नसतो."

"पाठीवर येतं, पायात अडकतं आणि मिरवायला होतं. मग पदर नाही तर काय?"

माझ्या पाठीत मावशींनी मुद्दाम एक वीतभर चीर ठेवली होती. नायक हवेतून उतरतो तेव्हा त्याला वरून एक बारीक तार धरून ठेवते, हे तुम्हाला माहीत असेलच. ती तार कपड्यांच्या आतल्या पट्ट्याला अडकवतात. माझ्या चिरेतून ती सरळ आत जायची. चीर फाटलेली वाटू नये म्हणून मावशींनी तिच्या कडांना काळी फीत लावली होती. ही फीत लक्षात ठेवा.

उडताना माझ्या आत दादा नसत, उडीमास्तर असत. त्यांचं काम पडणं. सहा वर्षं महाझेप म्हणून तेच पडले आणि त्यांचा चेहरा एकदाही दिसला नाही. मुलं त्यांच्या पाठीवर प्रेम करायची आणि ती पाठ दादांची आहे असं समजायची. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. "आपलं तोंड असंही लहान मुलांना दाखवण्यासारखं नाही," म्हणायचे.

आणि मी? मी कायम मागे. म्हणून मला नायक कुठे चाललाय ते कधीच दिसलं नाही. तो काय मागे टाकून चाललाय, तेवढं दिसायचं. पडलेल्या भिंती, उलटलेल्या गाड्या, धुळीत आडवी झालेली माणसं. मग कुणीतरी 'कट' म्हणे, आडवी माणसं उठून चहा मागत आणि झाडणारा माणूस भिंत पोत्यात भरून नेई. या भिंती परत कोण बांधतं, असा प्रश्न मला पडायचा. मालिकेत तो कुणालाच पडत नव्हता.

सहाव्या वर्षी लेखकाला पडला. त्याने एक भाग लिहिला. त्यात भरधाव ट्रक अडवण्याच्या घाईत महाझेप एका दुकानाची भिंत पाडतो. आत चिनी मातीची भांडी विकणारी बाई असते, तिचा हात कायमचा अधू होतो. महाझेपला चौकशीला बोलावतात. तिथे तो केप काढून टेबलावर ठेवतो आणि दोन वाक्यं बोलतो. "चूक माझी होती. मी घाईत होतो."

मित्रांनो, गोष्ट तुम्ही या क्रमाने पाहिलीत. मी ती कशी जगले, ते आता सांगते.

प्रसंग नऊ

आधी काटेरी झुडपं आली. चौकशीच्या आदल्या दिवशी महाझेप अस्वस्थ होऊन रानात भटकतो, असा तो प्रसंग. चेहरा दिसणार होता म्हणून दादा, आणि काट्यांत मखमल फाटू नये म्हणून त्यांच्या पाठीवर क्रमांक एकऐवजी मी.

सकाळीच दादांनी पडद्यावर स्वतःची पाठ पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे मागे काळं काय दिसतंय? शोकसभेला आल्यासारखं. काढून टाका."

"ती चिरेची फीत आहे, दादा," वहीवाली ताई म्हणाली. ही ताई कायम एक जाड वही घेऊन बसलेली असे. कुठल्या प्रसंगात कुणाची बाही दुमडलेली होती, ग्लासात पाणी किती होतं, घड्याळात किती वाजले होते, सगळं ती टिपून ठेवायची. प्रसंग उलटसुलट घेतात, म्हणून कुणालातरी खरा क्रम ठाऊक असावा लागतो.

"फीत आहे ते मला दिसतंय. ती सगळ्यांना दिसतेय, हीच अडचण आहे."

कुणीतरी फीत ओढून काढली. मावशी तेव्हा दुसऱ्या इमारतीत होत्या. त्यांना सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईने वहीत लिहिलं, 'क्रमांक दोनची काळी फीत काढली. दादांच्या सांगण्यावरून.' मग दिवसभर मी झुडपांतून ओढली गेले आणि पाच ठिकाणी फाटले.

संध्याकाळी कपडेपटात मावशींनी मला मांडीवर घेतलं. दिवसाचं काम संपल्यावर प्रत्येक कपड्यावरून हात फिरवायचा आणि जिथे बोट आत जाईल तिथे टाका घालायचा, हा त्यांचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. उघडं काही ठेवून घरी जायचं नाही. मी उलटी होते, चुरगळलेली होते. त्यांचं बोट एका फटीत गेलं, दुसऱ्या, तिसऱ्या. फितीशिवाय सगळ्या फटी सारख्याच.

त्यांनी सहा शिवल्या.

सहावी त्यांनी सगळ्यात सुरेख शिवली, कारण ती पाठीच्या मधोमध होती आणि लोकांना दिसणार होती. एकोणीस बारीक टाके, कापडाच्या रंगाचाच दोरा. मला फार बरं वाटलं. इतक्या मायेने मला कुणी कधी मिटवलं नव्हतं. चूक झाली हे मला कळलं का? मित्रांनो, मी आजही हे स्वतःला विचारते. मला तेव्हा फक्त बरं वाटलं होतं.

प्रसंग तीन

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या छपरावरून उडी होती. खाली गाद्यांचा ढीग, वर तार आणि पश्चिमेला कलता सूर्य. आधी मास्तरांची उडी घ्यायची आणि लगेच त्याच उजेडात खाली दादांचा चेहरा, असं ठरलं होतं. दादा क्रमांक एक घालून छपरावरच उभे होते.

तार लावणाऱ्या माणसाने माझ्या पाठीवर बोट फिरवलं. "मास्तर, चीर कुठे गेली?"

"शोध, तिथेच असेल. परवापर्यंत तर होती."

"शिवलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपण काय केलं ते मला समजेना.

"मावशींना वर बोलवा," तारवाला म्हणाला. "उसवून कडा बांधायच्या. दहा मिनिटांचं काम आहे."

दादांनी आधी घड्याळ पाहिलं, मग आकाश. "दहा मिनिटांनी उजेड जाईल. पुढे माझा चेहरा घ्यायचाय. सूर्य काय माझ्यासाठी खुर्ची टाकून बसणार आहे? तार बाजूने घ्या."

"बाजूने घेतली तर ओढ तिरकी येते, दादा."

"इतकी वर्षं उडतोय माणूस. एकदा तिरका उडेल."

दिग्दर्शकही आकाशाकडेच पाहत होते. तारवाला हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही बोला."

मास्तरांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी हात झटकले. "घे बाजूने. जन्मभर सरळ पडलोय, कंटाळा आला."

मला गोळा करून एका खांद्यावर सारलं आणि माझ्या कडेवरून तार आत घेतली. मास्तर उडाले. वारा आला. वारा आला की मी पसरते. मला तेवढंच येतं, तेवढ्यासाठीच मी शिवलेली. मी पसरले आणि तारेभोवती गुंडाळली गेले. ओढ डावीकडे गेली. माझ्या पाठीतले ते टाके उसवले असते, तर तार चिरेत शिरून आपल्या जागी सरळ झाली असती. तारवाल्याने नंतर तसं सांगितलं.

एकही उसवला नाही. मावशींचा टाका होता तो.

गाद्या उजवीकडे राहिल्या. मास्तर सिमेंटच्या कठड्यावर गुडघ्याने आदळले.

मी त्यांना धरून ठेवत होते की ओढत होते? दोन्ही वेळा कापड सारखंच ताणलं जातं. मला फरक सांगता येत नाही.

प्रसंग नसलेली खोली

तारवाल्याने मला कात्रीने कापून मास्तरांपासून सोडवलं. त्या वेड्यावाकड्या कापासकट मी कचेरीतल्या टेबलावर पडले होते. मालिकेच्या मोठ्या साहेबांनी मला पेन्सिलीने उचललं, उंदीर उचलावा तसं.

"ही शिवली कुणी?"

"मी," मावशी म्हणाल्या.

"मग झालं. शनिवारपर्यंत या. त्यानंतर नको."

दादा खोलीतच होते. ते खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. बाहेर फक्त सायकली होत्या.

मावशींच्या हातातून अंगुस्तान निसटलं. ते घरंगळत गेलं आणि दादांच्या बुटाला टेकलं. दादांनी ते उचलून मावशींच्या तळहातावर ठेवलं. आणि परत खिडकीकडे वळले.

कपडेपटात परत आल्यावर ताई म्हणाली, "मावशी, माझ्या वहीत सगळं आहे. फीत कुणी काढायला लावली, दहा मिनिटं कुणी दिली नाहीत. मी साहेबांना दाखवते."

"राहू दे ग. शिवली तर मीच ना? पाच फाटलेल्या होत्या, मी सहा शिवल्या. मोजायला हव्या होत्या."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"लोक हे सांगत बसतील का? ते एवढंच म्हणतील, टाकेमावशीने शिवलं आणि माणूस पडला. नोकरीचं जाऊ दे. असं नाव घेऊन मी दुसऱ्या कुठल्या दारात उभी राहू?"

मग त्यांनी सुई हातात घेतली, माझा काप पाहिला आणि सुई खाली ठेवली. पुढच्या प्रसंगासाठी मी फाटलेलीच हवी होते.

प्रसंग चौदा

शनिवार. चौकशीची खोली. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, बाकांवर बसलेली माणसं. समोर गळ्यात हात अडकवलेली दुकानदार बाई, म्हणजे तिचं काम करणारी नटी. प्रसंग सोपा होता. महाझेपने गळ्यापाशी केपची नाडी सोडायची, केपची घडी घालून टेबलावर ठेवायची आणि दोन वाक्यं बोलायची.

टेबलावर ठेवल्यावर मी वर पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला दादांचा चेहरा समोरून दिसला. मला वाटलं होतं तेवढा तो मोठा नव्हता.

"चूक माझी होती," दादा म्हणाले. आणि थांबले.

"कट. परत घेऊ."

प्रत्येक वेळी मावशी पुढे यायच्या, मला उचलून दादांच्या खांद्यावर घालायच्या आणि त्यांच्या हनुवटीखाली नाडीची गाठ बांधायच्या. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर. मावशींचं लक्ष गाठीवर, दादांचं छतावर.

"चूक माझी होती." पुढे काही नाही.

सहा वेळा. आठ वेळा. बाकांवरची माणसं चुळबुळायला लागली. एकजण कुजबुजला, "आमच्या पोपटाला पाठ झालं असतं एव्हाना."

बाराव्या वेळी गाठ बांधताना मावशी हळूच म्हणाल्या, "दादा, घोटभर पाणी प्या. वाक्य छोटंच आहे."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. पाणी प्यायले नाहीत.

तेराव्या वेळी त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "चूक माझी होती. मी घाईत होतो." दिग्दर्शकांनी सुटकेचा श्वास घेतला. पण दादा थांबले नाहीत. "फीत मी काढायला लावली. उडीच्या वेळी दहा मिनिटं मागितली होती, ती मी दिली नाहीत. मास्तर पाय घसरून पडले नाहीत, माझ्या तोंडामुळे पडले. मावशींनी फक्त फाटलेलं शिवलं."

मित्रांनो, इथे माझा फार गोंधळ उडाला. हे महाझेप बोलत होता की दादा? आवाज एकच, पोशाख तोच. कॅमेरा चालू होता. कागदावर इतकी वाक्यं नव्हती, हे मला ठाऊक होतं.

समोरच्या नटीचं पुढचं वाक्य 'मी तुम्हाला माफ केलं' असं होतं. ती इकडेतिकडे पाहू लागली. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा ना." आणि चांगल्या हाताने तिने भिंतीकडे दाखवलं. तिथे मावशी टाचण्यांची डबी घेऊन उभ्या होत्या.

दादा वळले. आता मला त्यांची पाठ दिसत होती, केप नसलेली. मध्ये घामाचा एक पट्टा.

"मावशी," ते म्हणाले.

"ऐकलं मी," मावशी म्हणाल्या. "आता कुणीतरी कट म्हणा. दिवे केव्हाचे तापलेत."

त्यानंतर दादा वहीवाल्या ताईला घेऊन कचेरीत गेले. मी टेबलावरच राहिले, म्हणून तिथे काय झालं ते मला माहीत नाही. दूरदर्शनवर तुम्ही पहिली दोनच वाक्यं ऐकलीत. मला एवढंच ठाऊक आहे की सोमवारी खिडकीखालची मशीन सुरू झाली आणि तिचा आवाज मावशींच्या पायाचा होता.

प्रसंग एक

भिंत सगळ्यात शेवटी पाडली. म्हणजे महाझेपने आधी माफी मागितली आणि मग चार दिवसांनी गुन्हा केला. हे तुमच्या डोक्यात बसत नसेल, तर माझ्याही बसत नाही.

माझा काप तेवढा मावशींनी बुजवला, कारण गोष्टीत तेव्हा मी अजून फाटलेली नव्हते. मास्तर नव्हते, म्हणून भिंतीत दादाच शिरले. थर्माकोलच्या विटा उडाल्या. दादा चार पावलं गेले, थांबले आणि मागे वळून पाहू लागले.

"कट. दादा, मागे काय बघताय? महाझेप मागे बघत नाही."

"एक वीट खरी होती," दादा म्हणाले. ते परत आले, ढिगाऱ्यातून ती वीट शोधून काढली, दोन्ही हातांनी उचलली आणि कुणाच्या पायात येणार नाही अशी भिंतीशी नेऊन ठेवली. प्रसंग पुन्हा घ्यावा लागला.

पुढच्या भागांत उड्या कमी झाल्या. महाझेप चालत का जातो, असं विचारणारी पत्रं आली. दुसऱ्या वर्षी मालिका बंद पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध होता का, ते मला कुणी सांगितलं नाही.

आता मी मास्तरांच्या घरी असते. दादाच मला घेऊन आले. मास्तरांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "हिचं मी काय करू? गुडघ्याखाली घालू?" ते चेष्टेने म्हणाले होते, पण तेच झालं. पाय वाकवण्याचा व्यायाम करताना गुडघ्याखाली चार घड्या घालून मला ठेवतात. मी मऊ आहे, पण फार मऊ नाही.

दादा आठवड्यातून एकदा येतात आणि मास्तरांचा पाय धरून वाकवतात. मास्तरांची बायको दार उघडताना दर वेळी म्हणते, "या. आज घाई नाही वाटतं?" दादा चपला काढतात आणि आत येतात. पाय पूर्वीसारखा वाकत नाही. तो पूर्ण वाकेल असं डॉक्टरही म्हणत नाहीत. चहा मात्र दोघांनाही मिळतो. अलीकडे दादांच्या कपात साखर असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. कपड्यांची निगा राखा, फाटलं की लगेच शिवा, असं मी सांगणार होते. पण मला सगळ्यात जपलं त्याच हातांनी हे घडलं, म्हणून ते सांगायला माझी जीभ रेटत नाही. फाटलेलं आणि मुद्दाम ठेवलेलं, यातला फरक आधी विचारून घ्या, असं सांगू का? की कुणी दहा मिनिटं मागितली तर द्या, असं सांगू? मला नक्की ठरवता येत नाही. तुम्ही ठरवा. मी इथेच आहे, गुडघ्याखाली.

वहीवाल्या ताईच्या वहीत, गोदामाच्या छपरावरच्या त्या संध्याकाळच्या पानावर, शेवटच्या ओळीत लिहिलेलं आहे: उजेड आणखी बावीस मिनिटं होता.